गीत, संगीत, स्वर आणि चौथी जागा

आकाशवाणीवर मराठी भावगीत लागण्याआधी तीन नावं सांगितली जातात: गीत कुणाचं, संगीत कुणाचं आणि स्वर कुणाचा. ही तीन पदं आपण इतकी वर्षं ऐकत आलो आहोत की गाणं म्हणजे या तिघांचंच काम, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. पण स्वर लागण्याआधी जे व्हायोलिन वाजतं, पहिलं कडवं संपल्यावर दुसऱ्याच्या तोंडाशी जी क्लॅरिनेटची ओळ येते, तीही गाण्याचाच भाग असते. पुष्कळदा गाणं ओळखू येतं ते त्या ओळीवरूनच. गायिकेनं तोंड उघडण्याआधीच ऐकणारा मान डोलावतो. ती ओळ कुणी वाजवली, हे मात्र निवेदनात नसतं आणि आपणही विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की मुंबईच्या स्टुडिओंमध्ये साधारण १९३५ पासून १९९० च्या आसपासपर्यंत वाजत राहिलेला तंतुवादकांचा, क्लॅरिनेटवाल्यांचा, अ‍ॅकॉर्डियनवाल्यांचा मेळ हा खऱ्या अर्थानं एक बँड होता. माणसं बदलत गेली, मेळ टिकला. अर्धशतकाहून लांब अशी त्याची कारकीर्द आहे. त्याला नाव मिळालं नाही म्हणून त्याचा इतिहासही लिहिला गेला नाही, आणि ही उणीव भरून काढण्यासारखी आहे.

तुलनेला परक्या मुलखातला एक बँड घेतो, म्हणजे नाव असण्यानं काय होतं ते दिसेल. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात १९९१ साली टिंडरस्टिक्स नावाचा बँड उभा राहिला. गायक स्टुअर्ट स्टेपल्स, कळफलकावर डेव्हिड बोल्टर, गिटारवर नील फ्रेझर, आणि व्हायोलिन वाजवून तंतुवाद्यांची मांडणी करणारा डिकन हिंचलिफ. खर्जातला, जवळजवळ पुटपुटणारा आवाज आणि त्याच्याभोवती व्हायोलिन-चेलोंचा पडदा, अशी त्यांची गाणी. तिकडे या प्रकाराला चेंबर पॉप म्हणतात. चेंबर म्युझिक म्हणजे दिवाणखान्यात मावेल एवढ्या वादकांचं संगीत. लोकप्रिय गाणं त्या बैठकीत नेऊन बसवलं की चेंबर पॉप. १९९३ साली त्यांचा पहिला अल्बम आला आणि ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकानं तो त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरवला. पुढे क्लेअर डेनिस या फ्रेंच दिग्दर्शिकेच्या चित्रपटांना त्यांनी १९९६ पासून वर्षानुवर्षं संगीत दिलं. २००३ नंतर बँड जवळजवळ थांबला, हिंचलिफ धरून निम्मे सदस्य बाहेर पडले, उरलेल्या तिघांनी २००८ मध्ये नवा अल्बम काढला, आणि २०२४ मध्येही त्यांचा अल्बम निघाला. तेहतीस वर्षं. माणसं गेली तरी वरचं नाव तेच राहिलं, म्हणून ती सगळी वर्षं एकाच कारकिर्दीची म्हणून मोजता येतात. आपल्याकडे मोजणीच झाली नाही, कारण मोजायला धरायचं काय, हाच प्रश्न राहिला.

आपल्या बाजूची गोष्ट मुंबईच्या कांदिवली उपनगराच्या अगदी शेजारून सुरू होते. कांदिवलीहून चर्चगेटकडे निघालेली गाडी पहिली थांबते ती मालाडला. तिथे १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज उभी केली. तेव्हा हा सगळा पट्टा शहराबाहेरचा होता: शेतं, वाड्या, ताडमाड, मधूनमधून गावठाणं. बोलपटाला शांतता लागते आणि ती इथे मिळत होती. फ्रान्झ ऑस्टेन हा दिग्दर्शक आणि जोसेफ विर्शिंग हा छायालेखक, असे जर्मन तंत्रज्ञ तिथे कामाला होते. संगीताची बाजू मात्र एका पारशी बाईकडे होती. खुर्शीद मिनोचर-होमजी त्यांचं नाव. पडद्यावर त्या सरस्वतीदेवी झाल्या. विष्णू नारायण भातखंडे यांच्याकडे त्या शिकलेल्या होत्या, आणि मालाडला येण्याआधी बहिणीबरोबर त्या मुंबईच्या रेडिओवर होमजी भगिनी म्हणून वाद्यवृंद सादर करत असत. चित्रपटाच्या क्षेत्रात पारशी मुलींनी उतरावं, याला त्यांच्या समाजातून कडाडून विरोध झाला. खुर्शीदच्या सरस्वतीदेवी आणि त्यांच्या बहिणीच्या चंद्रप्रभा झाल्या, त्यामागे हेच कारण होतं. १९३५ च्या ‘जवानी की हवा’पासून त्यांनी बॉम्बे टॉकीजला संगीत दिलं, १९३६ च्या ‘अछूत कन्या’ची गाणी त्यांचीच.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे बॉम्बे टॉकीजमध्ये वादक पगारी होते. नट-नट्या, सुतार, रंगारी जसे महिन्याच्या पगारावर, तसेच वादक. रोज त्याच जागी, त्याच माणसांबरोबर वाजवायचं. एकमेकांचा श्वास कळायला लागतो तो अशानेच. पार्श्वगायनाची पद्धत रुळण्याआधी नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गात असे, आणि वादक झाडामागे, पडद्यामागे, चौकटीच्या कडेला लपून साथ करत. म्हणजे या व्यवसायाच्या पहिल्याच वर्षांपासून वादकानं दिसू नये, ही कामाचीच अट होती. दुसरी गोष्ट अशी की होमजी भगिनींचा रेडिओवरचा मेळ हा नाव असलेला, छोटा, गाण्याला वाद्यांची बैठक देणारा मेळ होता. मालाडला आल्यावर एकीचं नाव संगीतकार म्हणून पुढे आलं आणि मेळाचं नाव मागे पडलं. नावाचं हे असं विरून जाणं पुढे सगळ्या व्यवसायाचंच झालं, म्हणून ते इथे नोंदवतो. पुढे १९४३ चा ‘किस्मत’ अनिल विश्वास यांच्या संगीतानं गाजला, १९४९ चा ‘महल’ खेमचंद प्रकाश यांच्या. दोन्ही बॉम्बे टॉकीजचेच. पाचेक वर्षांत ती संस्था मिटली. स्टुडिओचा पगारी वाद्यवृंद ही पद्धतही त्याच सुमारास मोडत गेली आणि वादक सुटे झाले: आज या संगीतकाराकडे, उद्या त्या.

हे वादक होते कोण? व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट यांवर बसणारी माणसं मोठ्या संख्येनं गोव्याची होती, आणि त्याचं कारण गोव्याच्या चर्चच्या शाळेत आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून पॅरिश शाळांमधून मुलांना सोल्फेजो, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन वाचून गाणं, आणि बरोबर व्हायोलिन शिकवलं. गावच्या चर्चमधल्या प्रार्थनेला ते लागे, म्हणून शिकवलं. त्या शिक्षणाचं पुढे पोट भरण्याचं साधन झालं. जहाजावरचे बँड, संस्थानिकांचे बँड, लाहोर-मुंबईची हॉटेलं आणि शेवटी चित्रपट. कांदिवलीच्या वाचकाला इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. फ्रान्सिस्कन पाद्री तर कांदिवलीतल्या पोयसरच्या परिसरातही सोळाव्या शतकातच आले होते. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यात त्यांनी चर्च केलं, वर डोंगरावर विद्यालय बांधलं. मग मुंबईच्या या साष्टी बेटातल्या ख्रिस्ती गावांतून व्हायोलिनवाल्यांची अशी रांग का लागली नाही? मला त्याचं उत्तर राजकीय इतिहासात दिसतं. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई पडली, आणि पोर्तुगीज चर्चच्या संस्थांचा इथला धागा तुटला. इथल्या ख्रिस्ती ईस्ट इंडियन समाजानं आपला धर्म, आपली बोली, आपली लग्नातली गाणी जपली. पण पाद्रींच्या शाळा आणि त्यामागचा राजाश्रय गेला. गोव्यात तो धागा १९६१ पर्यंत अखंड राहिला. चार शतकं सलग चाललेली शाळा आणि दोन शतकांत खंडित झालेली शाळा यांत जो फरक पडतो, तोच मुंबईच्या स्टुडिओत खुर्च्यांवर बसलेला दिसला.

या गोवेकरांना कागदावरचं स्वरलेखन वाचता येत होतं आणि संगीतकारांना बहुधा येत नव्हतं. संगीतकार हार्मोनियमवर चाल बसवी. ती चाल पन्नास माणसांपुढे कागदावर कशी मांडायची, मधले तुकडे कोणते, गायिकेच्या ओळीमागून चेलो कुठून न्यायचे, हे ठरवणारा माणूस म्हणजे अरेंजर. सेबॅस्टियन डिसोझा लाहोरच्या हॉटेलात वाजवत. फाळणीनंतर मुंबईत आले आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून जवळजवळ पाव शतक शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची मांडणी त्यांनी केली. गाणारी ओळ एका बाजूला चालली असताना तंतुवाद्यांची दुसरी ओळ तिला छेद देत, तरी तिला न झाकता चालते. या दुसऱ्या ओळीला वादक ऑब्लिगाटो म्हणत. ही डिसोझांची खूण. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याला त्याच्या बँडसह पडद्यावरच आणलं. तो अपवाद, पण बोलका: नाचगाण्याच्या बँडला पडद्यावर तोंड मिळालं, व्हायोलिनवाल्यांना नाही.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवर बसले. त्यांना पडलेला प्रश्न माझ्या विषयाच्या मुळाशी आहे. आपण जे रोज वाजवतो ते गाण्याच्या मागे का राहावं? रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचं लग्न चित्रपटाबाहेर, व्यासपीठावर का लावू नये? १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, स्वतःच्या रचना लिहिल्या. सारंग रागातला कॉन्चेर्टो ही त्यांपैकी एक. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. इथे क्रम उलटला होता: गायक वाद्यवृंदाचे पाहुणे होते. पण ते टिकलं नाही. पदरमोड करून इतके वादक कोण किती दिवस चालवणार? १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले, आणि परतल्यावर गोव्यात आपल्या गावी शांत राहिले. १९७७ मध्ये त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांत कुडाळकर यांच्या साथीनं ‘अमर अकबर अँथनी’ला संगीत दिलं आणि त्यातल्या एका गाण्यातून गुरूचं नाव घराघरांत गेलं. सगळ्या देशाला नाव पाठ, आणि त्या नावाचा माणूस व्हायोलिनवादक आहे हे जवळजवळ कुणालाच ठाऊक नाही. २०१२ मध्ये ते वारले. समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला नसता, तर मराठी वाचकाला आजही ते नाव फक्त गाण्यातलंच वाटलं असतं.

इथे पहिला आक्षेप येतो. चित्रपटाच्या रेकॉर्डिंगला साठ-सत्तर, कधी शंभर वादक असत. त्याला टिंडरस्टिक्ससारखं दिवाणखान्यातलं संगीत कसं म्हणायचं? आक्षेप बरोबर आहे आणि मी तो मान्य करतो. शंकर-जयकिशन किंवा लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे भले मोठे ताफे चेंबर नव्हेत. म्हणून माझा दावा मी त्या ताफ्यांवर टेकवत नाही. तो टेकतो भावगीतावर. ग. ना. जोशी यांनी तिशीच्या दशकात कवितेला चाल लावून ती तबकडीवर गायली, गजाननराव वाटव्यांनी ती चौकाचौकांत नेली, आणि पुढे वसंत प्रभू, श्रीनिवास खळे, सुधीर फडके, हृदयनाथ मंगेशकर यांच्या हाती मराठीला खरोखरच एक दिवाणखान्याचं गाणं मिळालं. वादक किती? तबला, हार्मोनियम किंवा ऑर्गन, एक-दोन व्हायोलिनं, बासरी, क्लॅरिनेट, पुढे मेंडोलिन, गिटार, अ‍ॅकॉर्डियन, व्हायब्रोफोन. खोलीत मावतील एवढेच. आवाज ओरडत नाही, कवितेचा शब्द ऐकू यायला हवा म्हणून वाद्यं जागा सोडतात आणि शब्द संपला की बोलतात. चेंबर पॉपची जी व्याख्या इंग्रजी समीक्षक विसाव्या शतकाच्या शेवटी करत होते, ती मराठी भावगीतानं चाळीस-पन्नास वर्षं आधी, कुणालाही न विचारता, रोजच्या कामात उतरवली होती. आणि वादक तेच. सकाळी ताडदेवला हिंदी चित्रपटाच्या साठ व्हायोलिनांत बसलेला माणूस संध्याकाळी भावगीताच्या तबकडीला एकटा बसे.

प्रभाकर जोग हे त्यातलं सर्वांत स्पष्ट उदाहरण. १ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. माडगूळकरांची छप्पन्न गीतं आणि फडक्यांच्या चाली. त्याचा वाद्यमेळ अगदी मोजका होता, आणि त्यातलं व्हायोलिन जोगांचं. पुढे ते फडक्यांचे सहायक झाले, मुंबईत चित्रपटांसाठी वाजवू लागले, स्वतः संगीत दिलं. पण त्यांचं नाव घरोघर झालं ते ‘गाणारं व्हायोलिन’मुळे. त्यात त्यांनी गायक काढून टाकला आणि गाणं व्हायोलिनवरच म्हटलं. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या अ‍ॅकॉर्डियनच्या तबकड्यांचं तेच. शंकर-जयकिशन यांच्या १९६८ च्या ‘रागा जॅझ स्टाइल’ या तबकडीचंही तेच: गाणारा नाही, म्हणून रईस खाँची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, लुसिला पाशेको यांचा पियानो ही नावं तिच्याशी जोडलेली राहिली. आवाज असेल तर वादकाला नाव नाही. आवाज काढला तरच नाव. तीन जागांची चौकट किती पक्की होती याचा याहून मोठा पुरावा मला दुसरा दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. भाड्यानं बोलावलेले वादक म्हणजे बँड नव्हे. बँड स्वतःची गाणी करतो, हे तर दुसऱ्यांच्या चाली वाजवत. यातला पहिला भाग आधी पाहू. स्टुडिओत वादक कसे जमत? संगीतकाराचा माणूस, ज्याला धंद्यात मेसेंजर म्हणत, घरोघर निरोप देई. पण निरोप कुणाला द्यायचा हे ठरलेलं असे. त्याच-त्याच जोड्या, व्हायोलिनच्या रांगेत त्याच-त्याच खुर्च्या, वर्षानुवर्षं. वादकांची संघटना होती, प्रत्येकाची प्रतवारी होती आणि तिच्यानुसार दर ठरे. ऐंशीच्या दशकापर्यंत बहुतांश गाणी सगळ्यांनी एका वेळी, एकाच खोलीत बसून, एका टेकमध्ये ध्वनिमुद्रित होत. एकाची चूक झाली की पहिल्यापासून सगळ्यांना. अशा शिस्तीत वीस-तीस वर्षं एकत्र बसणाऱ्यांचं एकमेकांशी जे जुळतं, ते नाव घेऊन चार अल्बम काढणाऱ्या कितीतरी बँडांत जुळत नाही. करार रोजचा असला तरी सहवास जन्माचा होता.

आता दुसरा भाग, कर्तृत्वाचा. चाल संगीतकाराची, यात वाद नाही. पण गाण्यातले मधले तुकडे, ज्यांना वादक पीसेस म्हणतात, ते कुणाचे? कधी संगीतकार गुणगुणून देई, कधी अरेंजर लिही, कधी वादकाला नुसतं सांगत की इथे चार मात्रा भर. प्रत्येक गाण्यात हे प्रमाण वेगळं, आणि आज ते गाण्यागणिक सिद्ध करणं अवघड आहे. म्हणून सरसकट सगळं श्रेय अरेंजरला द्यावं असं मी म्हणणार नाही. दत्ता डावजेकरांसारखे काही जण स्वतः संगीतकारही होते आणि दुसऱ्यांची मांडणीही करत. अनिल मोहिले व्हायोलिनवादक, अरेंजर, लता मंगेशकरांच्या मैफलींचे वाद्यवृंद-संचालक, आणि अरुण पौडवाल यांच्याबरोबर ‘अनिल-अरुण’ या नावानं संगीतकार. एकाच माणसाच्या अंगावर हे चार सदरे असताना, तीन जागांच्या चौकटीत त्याला फक्त संगीतकाराचा सदरा घालून उभं करायचं, हे खोटं चित्र आहे. शिवाय ज्या टिंडरस्टिक्सचं उदाहरण मी घेतलं, त्यांचं कितीतरी काम दिग्दर्शिकेच्या गरजेनुसार, तिच्या दृश्यांना बेतून केलेलं आहे. दुसऱ्याच्या कामासाठी वाजवल्यानं बँडचं बँडपण जात नाही.

तिसरा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे: बँड ही कल्पनाच आपली नाही, आपल्याकडे मैफल आणि गायक हीच परंपरा, तेव्हा परकी मोजपट्टी का लावायची? याला उत्तर द्यायला पुस्तकांची गरज नाही. गणपतीत कांदिवलीच्या रस्त्यावर उभं राहावं. चारकोपहून विसर्जनाला निघालेल्या मिरवणुकीत बँजो पार्टी असते, ढोल-ताशा असतो, लग्नसराईत ब्रास बँड असतो. प्रत्येकाचं नाव असतं. ढोलाच्या कातड्यावर, टेम्पोच्या पाठीवर, मुलांच्या टी-शर्टवर. वाजवणारी पोरं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, नाव तेच राहतं, आणि मंडळ सुपारी देतं ती नावाला. ऑर्केस्ट्राच्या धंद्यातही हेच. मुंबईत ‘कल्याणजी विरजी अँड पार्टी’ हे नाव कल्याणजी संगीतकार होण्याआधीचं. पुण्याचा ‘मेलडी मेकर्स’ महाराष्ट्रभर नावावर चालला. म्हणजे समूहाला नाव देणं, ते जपणं, पुढच्याला सोपवणं, हे आपल्याला उत्तम जमतं. फक्त ज्या मेळानं आपली सर्वांत नाजूक गाणी वाजवली, त्याच मेळाला ते मिळालं नाही. कारण तो रस्त्यावर किंवा मंचावर दिसत नव्हता. काचेच्या आड होता.

नाव न देणं हा आपलाच दोष, असंही नाही. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या बीटल्सच्या अल्बममध्ये ‘एलिनॉर रिग्बी’ हे गाणं आहे, आणि त्यात बीटल्सपैकी कुणीच वाद्य वाजवत नाही: चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो, मांडणी जॉर्ज मार्टिन यांची. चेंबर पॉपचा पाया ज्या गाण्यांवर घातला गेला त्यांतलं हे एक. त्या आठ वादकांची नावं वेष्टनावर नव्हती. त्याच वेष्टनावर मात्र लंडनमधल्या एका तबलजीचं नाव छापलं गेलं: अनिल भागवत. जॉर्ज हॅरिसनच्या एका गाण्यात त्यांनी तबला वाजवला होता. तबला वेगळा उठून दिसला म्हणून नाव आलं. आठ तंतुवादक गाण्यात मिसळून गेले, म्हणून नाही. काम जितकं चांगलं मिसळेल तितका करणारा अदृश्य, हा तंतुवाद्यांच्या साथीचा जगभरचा भोग आहे. फरक एवढाच की इंग्लंडात पुढच्या पिढीनं व्हायोलिनवाल्यालाच बँडमध्ये घेतलं, त्याचं नाव गायकाशेजारी छापलं. आपल्याकडे त्या पुढच्या पिढीला वेळच मिळाला नाही.

कारण तोवर काम संपत आलं होतं. सत्तरच्या दशकात कर्सी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर मुंबईत आणला. स्वतः उत्कृष्ट वादक असलेल्या माणसानं नवा आवाज हवा म्हणून आणला, कुणाची भाकरी काढायला नव्हे. पण ऐंशीच्या दशकात बहुपदरी ध्वनिमुद्रण आलं, प्रत्येकजण वेगवेगळ्या वेळी येऊन आपापला तुकडा वाजवू लागला, आणि एकदा माणसांना एकत्र बसवायची गरज संपल्यावर वीस व्हायोलिनांच्या जागी एक कळफलक ही पुढची पायरी सोपी झाली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तंतुवादकांच्या रांगा रिकाम्या झाल्या होत्या. जागतिक बँकेच्या साहाय्यानं म्हाडानं चारकोपला भूखंड आखून दिले, गिरगाव-दादरच्या चाळींतली मराठी घरं उत्तरेकडे सरकली, कांदिवलीतल्या शेतांची उपनगरी वस्ती झाली, ही सगळी तीच वर्षं. ज्या पट्ट्यात शांततेसाठी स्टुडिओ आला होता तिथे माणसं आली, आणि ज्या गाण्यांसाठी तो आला होता ती एका पेटीत बसली. कुणी म्हणेल, मग हे सगळं संपलंच ना, लांब कारकीर्द कसली? १९३५ ते १९९० हे पंचावन्न वर्षांचं आयुष्य कोणत्याही मोजणीत छोटं नाही. आणि त्यानंतरही प्यारेलाल यांच्यासारखे जुने अरेंजर जुने वादक जमवून कागदावरच्या मांडणीनिशी तीच गाणी मंचावर वाजवत राहिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. संगीतकार म्हणून मिळालं, हे खरं. पण रामप्रसाद शर्मांच्या या मुलानं लहानपणीच व्हायोलिनवर बसून संसार चालवायला हातभार लावला होता, हेही तितकंच खरं.

चौथी जागा भरणं आजही शक्य आहे, आणि मी ते मागतो. आकाशवाणीनं भावगीताच्या निवेदनात, जिथे माहीत असेल तिथे, संगीत-संयोजन आणि प्रमुख वादक यांची नावं जोडावीत. जुन्या तबकड्या नव्यानं काढणाऱ्यांनी ती शोधून छापावीत. आणि एक विनंती थेट वाचकाला. या व्यवसायातल्या कुणी कुणी आपल्या कामाच्या डायऱ्या ठेवल्या होत्या: तारीख, स्टुडिओ, संगीतकार, गाणं, मिळालेला आकडा. कुणाच्या पेटीत स्वरलेखनाचे हातानं लिहिलेले कागद आहेत. गोन्साल्विसांची पिढी गेली. तिच्यानंतरची आता ऐंशीच्या घरात आहे. कांदिवलीत, मालाडला, वसईला, पुण्यात तुमच्या इमारतीत असं एखादं घर असेल, तर त्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांचे फोटो काढा, आजोबांना विचारून प्रत्येक गाण्यापुढे वादकांची नावं लिहून घ्या, आणि ते कागद एखाद्या ग्रंथसंग्रहालयाकडे सुपूर्द करा.